‘महिनाभर नुसता श्वास शिकवतात’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

अभिनयाच्या प्राथमिक वर्गाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. ‘9,600 रुपये घेऊन महिनाभर नुसता श्वास आणि चालणं. कॅमेरा दाखवलाच नाही, वर माझा घसा बसला,’ असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलात. तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण ‘नुसता श्वास’ हे शब्द फार लागले, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन माणूस वाक्य म्हणताना छातीतून वरवर श्वास घेतो. खांदे उचलले जातात, मानेच्या शिरा ताणतात आणि वाक्य संपायच्या आत दम संपतो. मराठीत नकार येतो वाक्याच्या शेवटी. ‘मी तुला सोडून जाणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं गेलं, तर मागच्या रांगेत ‘सोडून जाणार’ एवढंच पोचतं. अख्खा प्रसंग उलटा होतो! म्हणून आधी पाठीवर झोपवून पोटावर वही ठेवतो. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. चार आकडे श्वास आत, बारा आकडे ‘स्स’ करत बाहेर. ते जमलं की तेच वाक्य उभं राहून, मग चालत. चालताना बहुतेकांचे पाय थांबले की वाक्यही थांबतं, नाहीतर हात मांडीवर ठेका धरतो. ही सवय दोन दिवसांत सुटत नाही हो.

कॅमेऱ्यापुढे बारीक आवाज चालतो, हे खरं. पण कॉलर माइक धापसुद्धा टिपतो, आणि समोरच्याचं न ऐकता आपल्या वाक्याची वाट बघत असाल, तर क्लोजअपमध्ये ते डोळ्यांत दिसतं. त्यामुळे 24 पैकी 17व्या वर्गापासून कॅमेरा. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कागदावर हे छापलेलं आहे.

आता घशाचं. वर्ग सातला सुरू होतो. पहिली 40 मिनिटं मान-खांदे मोकळे करणं, ओठ मिटून ‘म्’चा गुंजारव, मग उच्चार: ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. आठ वर्गांपैकी पाच वेळा तुम्ही साडेसातनंतर आलात. ऑफिस उशिरा सुटतं, ते समजू शकतो. पण आवाज न तापवता थेट भांडणाचा प्रवेश वरच्या पट्टीत वाचला, की घसा बसतोच. त्या दिवशी ‘आधी पाच मिनिटं गुंजारव करा’ असं सांगितलंही होतं. याचा दोष शिकवण्यावर आला, याचं वाईट वाटलं. नवीन तुकडीचे प्रवेश चालू आहेत, लोक हे वाचूनच ठरवतात.

वेळापत्रक प्रवेशाच्या वेळी वाचून दाखवू, कॅमेऱ्याचा एखादा वर्ग अलीकडे घेता येईल का तेही बघतो. तुमचे 16 वर्ग शिल्लक आहेत, जादा पैसे न भरता पुढच्या तुकडीत या. घसा पूर्ण बरा होईपर्यंत कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो. आणि येताना सैल कपडे, कोमट पाण्याची बाटली. फक्त सातच्या आत या.