कौशल्याचा खेळ आहे, म्हणूनच

22 ऑगस्ट 2025 ला पोळा होता. विदर्भात पोळ्याला बैल सजतात आणि गोठ्यात, शेतावरच्या खोलीत पत्त्यांचे फडही बसतात; दुसऱ्या दिवशीच्या पेपरात धाडींची बातमी ठरलेलीच. नेमक्या त्याच दिवशी ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. रमी, पोकर, पैसे लावायचं फँटसी क्रिकेट, सगळं एका फटक्यात बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

तेव्हापासून नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरात दोन तट आहेत. दादा म्हणतो, बरं झालं, पोरं वाचली. भाचा म्हणतो, "आत्या, पोकर म्हणजे जुगार नाही बे, डोक्याचा खेळ आहे. रमी कौशल्याचा खेळ आहे, हे सुप्रीम कोर्टानं 1967 मध्येच सांगितलंय." मी लास व्हेगासला राहते, लोकांची टॅक्सची विवरणपत्रं भरून देते आणि त्यांत पोकरवर पोट भरणारेही आहेत, म्हणून दोघांनी मला पंच नेमलंय.

भाच्याचं म्हणणं खरं आहे आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते. लॉटरीचं तिकीट घेणारे सगळे सारखेच आंधळे. (महाराष्ट्र सरकार स्वतःच 1969 पासून ती विकतंय, हे जाता जाता.) पोकरमध्ये कॅसिनो डावागणिक आपला रेक, म्हणजे कमिशन, कापून घेतो, बाकी तुमचे पैसे जातात ते समोरच्या माणसाकडे. खेळ जितका कौशल्याचा, तितका कच्चा खेळाडू नेमाने हरणार. कंपन्या कोर्टात जो मुद्दा छाती ठोकून मांडत होत्या, तोच मुद्दा रात्री दोन वाजता फोन घेऊन बसलेल्या पोराच्या मुळावर येतो.

इथली मोठ्या टेबलांवरची माणसं हे पक्कं जाणून असतात. स्टू उंगर मुळात जिन रमीचा खेळाडू. इतका तयार, की समोर बसायला कोणी मिळेना, म्हणून पोकरकडे वळला. 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली. पत्त्यांत मिळवलेलं घोड्यांवर आणि कोकेनवर गेलं. 1998 च्या नोव्हेंबरात इथल्याच एका स्वस्त मोटेलात वयाच्या 45 व्या वर्षी तो मेला, तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम 800 डॉलर होते.

त्यामुळे हुशार व्यावसायिक आपलं कौशल्य मिरवत नाही. त्याला हवा असतो हौशी श्रीमंत, आणि तो टेबलावर टिकावा म्हणून गप्पा, विनोद, त्याच्या चुकीच्या खेळीलाही "छान खेळलात". डॅलसचा बँकर अँडी बील 2001 पासून व्हेगासला येऊन खेळू लागला, तेव्हा डॉयल ब्रन्सनसारख्या मुरलेल्या खेळाडूंनी पैसे एकत्र करून त्याच्यासमोर पाळीपाळीने माणूस बसवला. 2006 च्या फेब्रुवारीत त्यांच्यातल्या फिल आयव्हीने तीन दिवसांत त्याच्याकडून 1 कोटी 60 लाख डॉलरहून जास्त जिंकले. बीलचं काही बुडालं नाही, बँक त्याचीच होती. बाहेरून ज्यांना सगळे एकांडे शिलेदार समजतात, त्यांतल्या अनेकांनी आपल्या कमाईतले हिस्से पैसे लावणाऱ्यांना आधीच विकलेले असतात. जिंकलं की आधी वाटेकऱ्यांचा हिशेब. या धंद्यात थरार थोडा आणि वह्या फार.

भाच्याला यातलं काही दिसत नाही, त्याला दिसतो ख्रिस मनीमेकर. टेनेसीचा हिशेबनीस, 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून 2003 च्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्या वर्षी 839 खेळाडू होते, 2023 मध्ये 10,043. पहिला येणारा तेव्हाही एक आणि आताही एकच.

मग दादाचं बरोबर का? अर्धंच. कायद्यातली जाहिरातींवरची बंदी मला पूर्ण मान्य आहे. क्रिकेटपटूंनी रमी आणि फँटसी अ‍ॅप विकावेत याची मला दुरूनही लाज वाटायची. पण बंदीने खेळ थांबतो हे निदान नागपूरने तरी म्हणू नये. क्रिकेटचा सट्टा कधी कायदेशीर होता? तरी 2007 च्या जानेवारीत नागपूरच्या सामन्याआधी मार्लन सॅम्युअल्स बुकीशी बोलताना आपल्याच पोलिसांनी टेप केला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. 2023 मध्ये शहरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटींना फसल्याची तक्रार दिली, तो जुगारही काही सरकारी परवान्याचा नव्हता.

सरकारची नियतही मला उमजत नाही. 2023 च्या ऑक्टोबरपासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी, आणि दोन वर्षं व्हायच्या आत तोच खेळ चालवणं गुन्हा! राज्यात तर तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर विधान परिषदेत रमी दिसली. आपण जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. पुढे खातं बदललं आणि मिळालं काय, तर क्रीडा.

अमेरिका शहाणी आहे असंही नाही. 2026 पासून इथे जुगारातल्या तोट्यापैकी 90 टक्केच वजा करता येतो. एक लाख जिंकून एक लाख हरलेल्या माणसाला दहा हजारांवर कर लागतो. माझ्याकडचे पोकरवाले त्यावरून रोज शिव्या घालतात.

आता भाचा गोव्याला जायचं म्हणतो. मांडवीतल्या कॅसिनो बोटींना हा कायदा लागू नाही. जा, म्हटलं. तिकीट काढून जा, पगारातले पैसे ने, समोर कोण बसलंय ते डोळ्यांनी बघ आणि प्रत्येक रुपया वहीत लिही. दादाला हे अजिबात पटलेलं नाही. गेल्या रविवारी त्याने फोन उचलून सरळ वहिनीच्या हातात दिला.