पोशाख नको, विरोधाभास उचला

'आवडत्या टीव्ही नायकाचा पोशाख आणि शक्ती घ्या, गाव सोलापूर करा, कॉमिकचा नायक तयार' हे कॉमिकचा नायक कसा घडवावा यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९९७ साली दूरदर्शनवर आलेला शक्तिमान मुलांच्या मनात बसला तो गंगाधर या त्याच्या साध्या रूपामुळे. चष्मा, पुढे आलेले दात, वेंधळी चाल आणि त्याच माणसात लपलेलं बळ. उचलायचा तर दोन रूपांमधला हा विरोधाभास उचला. सोलापुरी नायक दिवसभर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर असेल, तर खडखडाटात मोठी वाक्यं चालणारच नाहीत. तिथे हातवारे, तुटके शब्द. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी. बोलण्याची ही ढब पोशाखापेक्षा जास्त ओळख देते.

दुसरं, लेखात एक मोठी गोष्ट राहून गेली. टीव्हीवर शक्तिमानची गिरकी, आवाज आणि पार्श्वसंगीत मिळून रूपांतर घडवतात. कागदावर यातलं काहीच नसतं. म्हणून गिरकीची सुरुवात उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि पूर्ण रूप पान उलटल्यावर मोठ्या चौकटीत दाखवा. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही आलं की नजर आधीच तिकडे जाते, धक्का संपतो. संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांवर जाऊ नका, चित्र झाकलं जातं. आणि नायक नुसता काळा भरून अंगठ्याएवढा काढून बघा. मूळ टीव्ही नायकच दिसला, तर बाह्याकृती बदला. रंग बदलून भागत नाही.