कानाचं मशीन आणि तीन कोटेशन्स

चष्मा घेताना काच कुठल्या कंपनीची म्हणून कुणी विचारत नाही, कवळीची कंपनी विचारणारा तर अजून जन्माला यायचाय, पण कानाचं मशीन घ्यायचंय असं एकदा तोंडातून गेलं की आमची बेळगावातली अख्खी टिळकवाडी एकच विचारते, "कुठल्या कंपनीचं घेणार?" आणि तेही जवळ येऊन, वाकून, कानात ओरडून विचारते, म्हणजे ज्यांना अजून माहीत नव्हतं त्यांनाही कळतं.

तसं मला ऐकू येतं. बुलेट ऐकू येते, गणपतीतला ढोल ऐकू येतो, रेल्वे ऐकू येते. येत नाहीत ती माणसं, त्यातही बायका आणि लहान मुलं. कारण वयानं कान जातात ते वरच्या पट्टीकडून जातात, आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात, आणि स, श, फ, थ असले बारीक आवाज गळतात, म्हणजे कुणीतरी बोलायलंय हे कळतं, काय बोलायलंय ते कळत नाही. बायको आतून काही म्हणाली की मला त्यातलं आ-ओ-ऊ तेवढं पोचतं आणि मधल्या गाळलेल्या जागा मी अनुभवानं भरतो. इतक्या वर्षांच्या संसारात माझं भरणं बऱ्यापैकी बरोबर यायचं. पण नात बोलायला लागली आणि सगळा घोटाळा झाला, कारण तिच्या बोलण्याचा मला अनुभव नाही. ती फोनवर काहीतरी विचारायची, मी "होय की बाळा" म्हणायचो, आणि सुट्टीला आली की मी काय काय कबूल करून बसलोय ते बाहेर यायचं. सायकल त्यातलीच.

तर मशीन घ्यायचं ठरलं आणि कुठं घ्यायचं इथंच गाडं अडलं. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळूरात, मेव्हणे कोल्हापुरात. बेळगावच्या माणसाला काही घ्यायचं झालं की ही तीन गावं त्याला तीन बाजूंनी ओढतात, इथं काही मिळतं यावर आमच्याच लोकांचा विश्वास नाही. मुलगा म्हणाला, बाबा पुण्याला या, फोनाकच घेऊया. मुलगी म्हणाली, बाबा, इकडं बेंगळूरात माझ्या ओळखीचे आहेत, ओटिकॉन घ्या. मेव्हण्यांचं म्हणणं, दाजी, कसली कंपनी घेऊन बसलाय, सीमेन्स घ्या, जर्मन माल आहे, आमच्या वडिलांना पंधरा वर्षं गेलं. (सीमेन्सनं कानाच्या मशीनचा धंदा २०१५ मध्येच विकून टाकला, आता ते सिग्निया म्हणून येतं, पण हे मेव्हण्यांना सांगायला जाऊ नये, त्यांच्या घरी अजून फ्रिजला केल्व्हिनेटर म्हणतात.) माझं फोनवर तिघांनाही "बघूया की" चाललं होतं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सीमाप्रश्नाची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिचा निकाल आधी लागतोय का तुमचा तेवढं बघायचं राहिलंय."

मी को-ऑपरेटिव्ह सोसायटीत मॅनेजर होतो. तिथं साधा पंखा घ्यायचा तरी तीन कोटेशन्स मागवायची, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं, बोर्डापुढं ठेवायचं. तीच पद्धत लावायची म्हणून गावातच तीन ठिकाणी जायचं ठरवलं.

पहिल्या ठिकाणी माणूस लई गोड. बसा सर, या मॅडम, पाणी. तपासणी अशी काही फार नाही, टेबलावरच हेडफोन घालून "येतंय ऐकू?" आणि बाहेर रिक्षा उभी. मग त्यानं एक चकचकीत डबी उघडली, आत शेंगदाण्याएवढी दोन मशीनं, आणि चॅनल सांगायला लागला. चॅनल म्हणजे आवाजाचे पट्टे पाडलेले असतात, बारीक वेगळा, जाडा वेगळा, प्रत्येक पट्टा तुमच्या कानाप्रमाणं कमीजास्त करता येतो, हे मला नंतर कळलं, तिथं नुसता आकडाच वाढत होता, सोळा, वीस, अठ्ठेचाळीस. मी आपला किंमत विचारली. "एका कानाचे सात हजार," असं मला ऐकू आलं. बरं वाटलं. एवढंच असेल तर कशाला घासाघीस म्हणून मी म्हणालो, "दोन्ही कानांचं द्या की मग." त्यानं लगबगीनं उठून कोल्ड्रिंक मागवलं. कोल्ड्रिंक कशाला हे मला त्यानं पावतीपुस्तकात साठचा आकडा लिहायला घेतला तेव्हा कळलं. यावर माझं म्हणणं असं की कानाचं मशीन विकणाऱ्यानं तरी किंमत लिहून दाखवावी, सात आणि साठमधला फरक ऐकू येत असता तर मी तिथं गेलोच कशाला असतो. कोल्ड्रिंक मात्र पिऊन आलो.

दुसऱ्या ठिकाणी आवाजबंद खोली होती. आत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. आता त्या खोलीत एवढी शांतता की थोड्या वेळानं खरा आवाज कुठला आणि मनातला कुठला हेच कळेना, मी आपला पडेल त्या अंदाजानं दाबत राहिलो, मधेच काचेपलीकडं बायको दिसली, ती मान हलवायली होती, ती हो म्हणून का नाही म्हणून ते काही समजलं नाही. बाहेर आल्यावर आलेख मिळाला. उजवा कान तांबड्या गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. डावीकडं जाडे आवाज, तिथं मी पास. उजवीकडं बारीक आवाज, तिथं दोन्ही रेघा खाली खाली गेलेल्या. बायकोनं तो कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नव्हतं." एवढं एक वाक्य वसूल झालं म्हणून मला त्या तपासणीचे पैसे अजिबात जड गेले नाहीत.

मग स्टेटमेंट करायला बसलो. उभे रकाने, आडवे रकाने, पट्टीनं आखून. पण नंबरच एकमेकांना जुळेनात. प्रत्येक कंपनीचं मॉडेल एक आणि त्याच्या पायऱ्या वेगळ्या, फोनाकचं ९० म्हणजे भारी आणि ३० म्हणजे साधं, ओटिकॉनचं मात्र १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ३ म्हणजे स्वस्त, सिग्नियाचं ७ वरचं, रिसाउंडचं ९ वरचं, वायडेक्स तर ४४० वरून ११० ला उतरतं. सोसायटीत असतो तर हे टेंडर मी परत पाठवलं असतं. आणि एकाच कंपनीच्या भारी आणि स्वस्त मशीनचं वरचं टरफल बरेचदा सारखंच असतं, आतल्या सोयी तेवढ्या चालू-बंद, पैसे त्याचे.

पुढं खोदत गेल्यावर कळलं की जगभरात मशीन करणारी मोठी घरं मोजून पाच, बाकीचा सगळा भाऊबंदकीचा प्रकार, पाट्या वेगळ्या आणि वाडा एक. फोनाक, युनिट्रॉन, हॅन्साटन ही स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाची. ओटिकॉन आणि बर्नाफॉन डेन्मार्कच्या डिमांटची. सिग्निया आणि वायडेक्स एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, २०१९ मध्ये एकत्र आले, वर रेक्सटनही त्यांच्यातलंच. रिसाउंड जीएनचं, तेही डेन्मार्क, आणि ही जीएन १८६९ मध्ये निघाली ती तारायंत्राची कंपनी म्हणून. पाचवी स्टार्की, अमेरिकेची. म्हणजे माझी दोन लेकरं पुण्यात आणि बेंगळूरात बसून फोनवर ज्यावरून भांडायली होती, त्यातलं एक स्विस आणि एक डॅनिश.

यातली मला आवडलेली गोष्ट ओटिकॉनची. १९०४ मध्ये हान्स डिमांट नावाच्या माणसानं ती कंपनी काढली, त्याच्या बायकोला कमी ऐकू यायचं म्हणून. मी हे घरात मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "बघा. तिला नवऱ्याचं ऐकायचं होतं." पुढं काही बोललीच नाही, भाजी चिरत राहिली.

तिसऱ्या ठिकाणी एक पोरगी होती, म्हैसूरला शिकलेली. ती कानडीत सुरू करायची, माझं मराठीत चालायचं, मधे दोघंही हिंदीत भेटायचो, बेळगावात निम्मे व्यवहार असेच होतात. मी स्टेटमेंट काढून पुढं ठेवलं, तिनं ते शांतपणे घडी घालून परत दिलं आणि विचारलं, दिवसभर कुठं असता, कुणाशी बोलता, कुठं अडतं. दोन ठिकाणी कुणी हे विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, नात, लग्नकार्य आणि सोसायटीची जनरल बॉडी. जनरल बॉडीत ऐकू आलं नाही तरी चालेल, असंही सांगून टाकलं.

मग तिनं मशीन बसवण्याआधी कानात एक बारीक मऊ नळी सरकवली, पडद्याजवळ पोचेल इतपत आत. नळीचं दुसरं टोक कॉम्प्युटरला. वरून मशीन बसवलं, स्पीकरवर बोलणं लावलं आणि स्क्रीनवर दोन रेघा, एक माझ्या आलेखावरून काढलेली, आवाज एवढा पोचायला पाहिजे म्हणून, आणि दुसरी खरोखर किती पोचतोय त्याची. दोन्हींत चांगलं वीतभर अंतर. मग ती खटाखट पट्टे वरखाली करत बसली, रेघेवर रेघ येईपर्यंत. माणसागणिक कानाचा बोगदा वेगळा, त्यामुळं कंपनीनं ठरवून दिलेला आवाज तसाच्या तसा घातला की अंदाजच, असं तिचं म्हणणं. मशीन कुणाचंही असू दे काका, हे केलं नाही तर निम्मे पैसे ड्रॉवरमध्ये जातात. ते मला पटलं, कारण गल्लीतल्या किती तरी जणांची मशीनं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्येच आहेत.

"आता मॅडम, तुम्ही काहीतरी बोला," ती बायकोला म्हणाली.

बायको गप्प. इतकी वर्षं मी ऐकत नाही ही तक्रार, आणि आता सगळी सोय करून, नळी घालून, नवरा खुर्चीत बसवून दिलाय तर हिला विषय सुचेना. पदर सारखा केला. तो सारखा करताना खसखस वाजला, मला दचकायला झालं. शेवटी म्हणाली, "गॅस बंद केलाय ना मी?"

स्वच्छ ऐकू आलं. गॅसमधला स, बंदमधला द, सगळं जागच्या जागी. फक्त माझा स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत होता, तर त्या पोरीनं कानातली रबरी टोपी बदलून भोकांची घातली आणि घुमणं गेलं. एकच कानाचं घेतो म्हणून मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. आवाज कुठल्या बाजूनं आला हे दोन कान असले तरच कळतं, ती म्हणाली. रिक्षा कुठून येत्येय ते कळायला पाहिजे की.

ट्रायलला घातलं आणि सरळ गणपत गल्लीच्या बाजारात गेलो, म्हटलं तिथं टिकलं तर कुठंही टिकेल. टिकलं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, समोरचा भाजीवाला कळत होता, पण पिशव्यांची कुरकुर, हॉर्न, कुणाच्या तरी चपलेची चटक चटक, सगळंच एकदम अंगावर. गर्दीत कुठलंच मशीन तरुण कान परत आणून देत नाही, भारीतलं समोरच्या माणसाकडं जरा जास्त कान देतं इतकंच, आणि मेंदूला या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे जातात, हे तिनं आधीच सांगितलं होतं. पहिल्या गोड माणसानं गर्दीचं नावच काढलं नव्हतं.

घेतलं ते तिच्याकडंच. मधल्या पायरीचं, दोन्ही कानांचं, चार्जिंगवालं, कारण सेलवाल्याचे ते बारीक सेल आणि त्यांचे स्टिकर माझ्या बोटांना जमण्यासारखे नाहीत. स्टिकर काढला की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो, परत चिकटवून उपयोग नाही. शेजारच्या आजींनी अख्खं पाकीट आणल्या आणल्या सगळे स्टिकर काढून सेल डबीत तयार ठेवले होते, ते सगळे डबीतच संपले. कंपनी सांगत नाही, कारण सांगितली की पुण्याहून किंवा बेंगळूरहून फोन येणार, आणि आता तो ऐकू पण येणार. लेकरांना एवढंच कळवलंय की आवाज बसवून घ्यायला सारखं जावं लागतं, त्यासाठी साडेतीनशे-पाचशे किलोमीटर कोण जाणार, हे चालत जायच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात दमटपणा लागू नये म्हणून रात्री ते सुकवायच्या डबीत ठेवायचं असतं, त्या डबीला बायकोनं मसाल्याच्या फळीवर जागा दिलीय, हे मी तिच्या बाजूनं मोठं मन समजतो.

पुढच्या ट्यूनिंगला मला दोन गोष्टी सांगायच्यात, ताटवाट्यांचा आवाज थोडा उतरव आणि नातीचा थोडा चढव. बायकोनं तिची मागणी वेगळी लिहून माझ्याच हातात दिलीय, पोरीला द्यायची म्हणून. चिठ्ठीला दोन ठिकाणी पिना मारल्यात.