हायब्रिडचे जादा पैसे सव्वादोन वर्षांत फिटतात? हिशेब चुकलाय

कोल्हापुरात राजारामपुरीपासून कावळा नाक्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी) २४. पेट्रोल १०५ रुपये धरा. फरक ८ किलोमीटरचा, म्हणून १०५ भागिले ८, किलोमीटरमागे १३ रुपये वाचले. महिना हजार किलोमीटर फिरलात की जादा मोजलेले साडेतीन लाख सव्वादोन वर्षांत वसूल!

आकडे मेसेजमधलेच ठेवू. पण भावा, पेट्रोल गाडीचा किलोमीटरचा खर्चच १०५ ÷ १६, म्हणजे ६.५६ रुपये. त्यातून १३ वाचणार कुठून?

अ‍ॅव्हरेज वजा करायचं नसतं, खर्च वजा करायचा. हायब्रिडचा खर्च १०५ ÷ २४ = ४.३७५. फरक साधारण २.१९ रुपये. क्ष किलोमीटरनंतर दोन्ही गाड्या बरोबरीत येतात असं मानू:

२.१८७५ × क्ष = ३,५०,०००
क्ष = १,६०,०००

महिना हजारानं गेलात तर तेरा वर्षं चार महिने. रोज इचलकरंजीला ये-जा करून महिना दीड हजार पडत असतील, तरी जवळपास नऊ वर्षं.

शिवाय २४ चा आकडा सगळीकडे सारखा मिळत नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा हायब्रिड बॅटरीत साठवते, त्यामुळे महाद्वार रोडच्या गर्दीत ती जिंकते. पुणे-बेंगळुरू हायवेला एका वेगात पळताना फरक कमी होतो. सर्व्हिसिंग, विमा आणि विकतानाची किंमत इथं धरलेली नाही. ज्याची त्यानं समीकरणात घालावी.