माळ्यावर कोण आहे?

गणपतीला कोकणातल्या आमच्या जुन्या घरात माजघरात ओळीने चौदा माणसं झोपतात. यंदा माझी वळकटी माळ्याच्या शिडीखाली पडली. मुंबईहून डाउनलोड करून आणलेला थ्रिलर मी कानात इयरफोन घालून लावला. जुना वाडा, कुलूपबंद खोली, घराण्याचं भयंकर गुपित. नायिका मेणबत्ती घेऊन जिना चढू लागली आणि नेमकी आमची लाईट गेली.

वर काहीतरी घरंगळलं. मग ओढत नेल्यासारखं सरकलं.

"काका, माळ्यार कोणतरी आसा!"

"कांडेचोर आसतलो. निज."

कांडेचोर म्हणजे उदमांजर, हे मला माहीत होतं. पण अंधारात त्या शब्दातलं फक्त 'चोर'च ऐकू येतं. रात्रभर छातीवर टॉर्च धरून पडलो.

सकाळी वर जाऊन पाहिलं. नारळाची रास ढासळलेली आणि पत्र्याच्या ट्रंकेवर लेंड्या. ट्रंकेत पिवळे पडलेले सातबारे. नमुना सात मालकीचा, बारा पिकांचा. आमच्या घरात आणखी जे नमुने आहेत, त्यांना मात्र सरकारने रकाना ठेवलेला नाही. एकवीस नावं, त्यातली निम्मी कधीच वारलेली. आणि 'इतर हक्क'मध्ये एका बाईचं नाव, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. काकी म्हणाली, "पारी सुकता रे, हात धुव आणि मोदक वळ." बाबा म्हणाले, विसर्जनानंतर बोलू. काकांनी कागद घडी करून खिशात घातला, तोही इतक्या सफाईने की त्यांना तो सराव असावा. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला, तेव्हापासून आमच्याकडे आत्यांना दर गणपतीला भारी साडी आणि सोबत हक्कसोड पत्राची आठवण मिळते. त्यामुळे कागद दिसला की सगळे सावध होतात.

उरली थोरली आत्या. वय ब्याऐंशी, ऐकायला कमी, बोलायला मुळीच कमी नाही. तिच्या कानाशी जाऊन नाव ओरडलो. माजघर चिडीचूप. विळीवर नारळ खवणारा हातही थांबला.

"ती व्हय?" आत्याने इकडेतिकडे पाहिलं. "तुका म्हणान सांगतंय हां. ती तुझ्या आजोबांची..."

"सुखकर्ता दुखहर्ता!" काकांनी भर दुपारी, त्या दिवशीची तिसरी आरती सुरू केली. बाबांनी माझ्या हातात झांजा कोंबल्या.