डबा बोलत नाही

(मोठी पोस्ट आहे. दळप टाकून वाट बघत बसला असाल तर वाचा.)

बेळगावच्या वडगावात आमची पिठाची गिरण आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. माझ्या दारात रोज रांग असते, पण त्या रांगेत माणसं नसतात, डबे असतात. स्टीलचे, पत्र्याचे, रंगाच्या धुतलेल्या बादल्या, अलीकडं तांदळाच्या चेनवाल्या पिशव्या. बायका येतात, डबा टेकवतात, "गहू आहे ओ, बारीक काढा की" म्हणतात आणि भाजीला निघून जातात. तासाभरानं येऊन पीठ घेऊन जातात. कुणी पहारा देत नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात मावशीला दाखवायला बेळगावातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. मावशी चंदगड तालुक्यातली, पहाटेच्या गाडीनं आली. (महाराष्ट्रात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, इकडं कर्नाटकात शक्ती योजनेत इकडच्या बायकांना फुकट. मावशीला हद्दीपर्यंत अर्धं आणि हद्दीपासून पूर्ण. असो, तो विषय काढला तर पोस्ट संपायची नाही.) सकाळी ७ ला नंबर लावला, ३४ वा मिळाला. डॉक्टर साडेदहाला आले आणि आम्ही आत गेलो २ वाजता. साडेतीन तासांत ३३ पेशंट, म्हणजे माणशी सहा-साडेसहा मिनिटं. हा हिशोब तिथल्या रोज बसणाऱ्या माणसाला तोंडपाठ असणार. "३४ नंबर ना, दीडला या" एवढं तो सकाळीच सांगू शकला असता. मावशी माझ्या घरी येऊन चार घास खाऊन पडली असती.

पण खरी गंमत पुढंच आहे. नंबर प्रत्येकाच्या हातात होता, तरी सगळी माणसं दाराला चिकटून उभी. मी मावशीला म्हटलं, चल, चहा घेऊन येऊ. ती म्हणाली, "नको बाबा, नाव पुकारलं आणि आपण नसलो तर?" तेवढ्यात बाजूच्या दारानं एकजण आत गेला. कुणाचा तरी ओळखीचा. झालं, मग काय, सगळे आणखी पुढं सरकले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की माणूस रांगेत उभा राहतो तो नंबरासाठी नव्हे, पहाऱ्यासाठी. नंबर चिठ्ठीवर असतोच, पण चिठ्ठी देणाऱ्यावर त्याचा भरवसा नसतो.

२०२३ च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली, बायकांना महिना २००० रुपयांची, तेव्हाही हेच बघितलं. कुणी कधी, कुठं यायचं याचे मेसेज यायचे होते. तरी आमच्या भागातल्या एका केंद्रावर सकाळी ६ पासून बायका उभ्या. सर्व्हर बसलाय, आज होणार नाही, असं सांगितलं तरी हलेनात. आम्ही गेलो आणि पाठीमागं सुरू झालं तर? त्यांचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, गिरणीचं सोपं आहे. सोपं नाही ओ. आमच्याकडं "आधी आला, आधी दळला" हा नियम चालतच नाही. जोंधळ्यावर गहू घातला की पहिल्या डब्यात जोंधळ्याचं पीठ उतरतं, चपाती चिरते आणि शिव्या मला बसतात. म्हणून सगळे जोंधळे एकदम, मग सगळे गहू, मग तांदूळ. चटणीचं मशीन वेगळंच, संकेश्वरी मिरचीच्या दिवसांत त्याची पाळी वेगळी. उपवासाचं पीठ तर सकाळी गिरण झाडून सगळ्यात आधी, आणि तरीही काकू विचारणारच, "काल शेवटी काय घातलं होतं?" म्हणजे गव्हाचा डबा ८ ला आला आणि जोंधळ्याचा ९ ला, तरी जोंधळा आधी निघू शकतो. तरीही भांडण होत नाही, कारण फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: १० पर्यंत जोंधळा, नंतर गहू. नियम वाकडा असला तरी चालतो, फक्त तो आधीच दिसला पाहिजे आणि सगळ्यांना सारखा पाहिजे.

लहान डब्याचंही तसंच. २० किलोच्या पोत्यामागं १ किलो बेसनवाली थांबली तर तिला वीसेक मिनिटं, पण ती पुढं गेली तर पोतंवाल्याला एकच मिनिट. म्हणून लहान डबे आत घ्यायचे. पण सगळेच लहान आत घेतले तर पोतंवाला संध्याकाळपर्यंत लटकतो. वडिलांचा नियम होता, एका मोठ्यामागं दोनच लहान. शाळा त्यांची चौथीपर्यंत.

आणि वडील दुपारी तासभर गिरणीचं दार बंद ठेवायचे, नवा डबा घ्यायचे नाहीत. मी तेव्हा भांडायचो, आलेलं गिऱ्हाईक परत कशाला पाठवायचं म्हणून. मुलगी आता इंजिनियरिंगला आहे, तिनं सांगितलं की रांगेत थांबण्यावर अख्खं गणित आहे. १९०९ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसानं सुरू केलं, कॉल किती वेळ अडकतात ते काढायला. तिनं आमच्या गिरणीचा ढोबळ हिशोब मांडला. गिऱ्हाईक कधीही येतं, डबा कधी लहान कधी मोठा, सरासरी ५ मिनिटं धरली. गिरण वेळेच्या ८० टक्के चालत असेल तर डब्याला पाळी यायला सरासरी २० मिनिटं. ९० टक्के चालली तर ४५. ९५ टक्के चालली तर ९५ मिनिटं! मी दोनदा करून घेतलं. "पप्पा, काम थोडं वाढतं, थांबणं चौपटीच्या वर जातं," ती म्हणाली. दुपारच्या त्या तासात वडील झोपायचे नाहीत, सकाळचं तुंबलेलं उपसायचे. दार बंद ठेवून. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पाळी शब्दावरून एक. आमच्याकडं निम्मं गिऱ्हाईक कन्नड, निम्मं मराठी. बोर्ड कुठल्या भाषेत यावरून गावात काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. पण तेही पाळी म्हणतात, आपणही पाळी म्हणतो. गिरणीत हा वाद अजून आलेला नाही.

आता माझी चूक. चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, चकलीच्या भाजणीचे डबे पायरीपर्यंत आलेले. गल्लीतल्या एका वजनदार माणसाचा पोरगा डबा घेऊन आला, म्हणाला, अण्णांनी सांगितलंय, लगेच पाहिजे. मी घेतला. पुढचा डबा पायानं जरा मागं सरकवला, कुणी बघत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. पलीकडच्या ओट्यावर एक आजी बसली होती, तिचाच डबा तो. उठून आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "माझा डबा बोलत नाही म्हणून मागं सारलास होय रे?" आणि डबा काखेत मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून चार-पाच बायका डबा ठेवून तिथंच उभ्या राहायला लागल्या. मग दहा. दिवाळी होईपर्यंत माझ्या दारातही दवाखान्यासारखी गर्दी. एका डब्यापायी! फळा मोठा केला, डब्याच्या झाकणावर नंबर घालायला लागलो, अण्णांना स्वतः जाऊन सांगितलं की पाळीनंच होईल. अण्णा उलट म्हणाले, मी कधी लगेच मागितलं? पोरालाच घाई होती.

आजी तीन महिन्यांनी आली. डबा ठेवला, झाकणावरचा नंबर वाचला आणि ओट्यावर जाऊन बसली. अजूनही येते, अजूनही दळून होईपर्यंत बसते. मी चहा मागवतो. ती पिते, पण नजर डब्यावरच.