जलपर्णी पाण्यातच कुजू द्यायची? उरलेल्या ५ टक्क्यांचा हिशोब

एक संदेश सगळीकडे फिरतोय: "जलपर्णीत ९५ टक्के पाणीच असतं. फवारणी करून मारा, तलावातच सोडा. पंधरा दिवसांत विरघळते, वर फुकटचं खत." काढायचा खर्च वाचतो म्हटल्यावर लोक तो भराभर पुढे पाठवतात, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

९५ टक्के पाण्याचा आकडा बरोबर आहे. पण एक टन ओल्या जलपर्णीत उरलेला सुका भाग ५० किलो भरतो. त्यातला निम्मा जरी कुजला, तरी जिवाणूंना सुमारे ३० किलो ऑक्सिजन लागतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे एका टनापायी साधारण ३७ लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन! हवेतून थोडी भर पडते, पण वर मेलेल्या वनस्पतींचा थर असेल तर तीही अडते. मासे मरतात ते इथे.

"पंधरा दिवसांत विरघळते" हे तर एका झाडालासुद्धा सरसकट लागू होत नाही. कुजू लागलेली जलपर्णी हातात घेऊन बघा: पानाचं पातं बुळबुळीत होऊन सुटतं, देठ पिचपिचीत होतो, मुळांचा काळा झुबका मात्र तसाच राहतो. पात्यात नत्र जास्त, म्हणून जिवाणू आधी त्यावर तुटून पडतात. मुळं चिवट, ती मागे राहतात. इतर पाणवनस्पतींतही असाच फरक दिसतो. पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला या वनस्पतीला पाणीच उभं धरतं, त्यामुळे तिच्यात लिग्निन (झाडाला ताठपणा देणारा चिवट घटक) कमी आणि ती लवकर कुजते. पाणकणसाला स्वतःच्या बळावर उभं राहायचं असतं. त्याचे लिग्निनने भरलेले दांडे महिनोन्महिने टिकतात. लिग्निन फोडणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, आणि तळाच्या गाळात तो नसतो. तलाव असाच उथळ होत जातो.

राहिलं खत. पालाश पहिल्या काही दिवसांतच पाण्यात उतरतं, नत्र आणि स्फुरद मागाहून. पण ते मिळतं तलावाला, आणि त्यावर पुढची जलपर्णी पोसते. खत हवं असेल तर ती बाहेर काढून कंपोस्ट करा. मात्र ढीग काठापासून लांब घाला, नाहीतर पहिल्याच पावसात त्यातलं पालाश पुन्हा पाण्यात जाईल.